बाण, बोट आणि उभी रेघ

पुस्तकावर परीक्षण लिहितात, नाटकावर लिहितात, सिनेमावर तर रोजच लिहितात. मी आज कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या बाणावर लिहिणार आहे. तुम्ही म्हणाल, यात लिहिण्यासारखं काय आहे? माउस हलवला की तो हलतो, संपलं! मलाही पन्नाशी उलटेपर्यंत तसंच वाटत होतं. पण मागच्या दोन वर्षांत या बाणाने मला रडवलंही आणि शिकवलंही. ज्याच्याशी रोज दोन-दोन तास संबंध येतो, त्याच्या गुणदोषांची चर्चा करायला काय हरकत आहे?

त्याचं असं झालं. आईची एक वही माझ्याकडे आहे. ओव्या, पाळणे, डोहाळे, मध्येच कुणाच्या बाळंतविड्याचा हिशेब, असं सगळं त्या वहीत आहे. कागद इतका जीर्ण झालाय की पान उलटताना कोपरा हातात येतो. ही वही उतरवून ठेवायची म्हणून मी दुकानाच्या हिशेबासाठी घेतलेल्या कॉम्प्युटरवर बसायला लागले. आमचे हे म्हणाले, "बस की, काय मोडत नाही." पुतणी सुट्टीला नंदगडला आली होती, तिने पहिला धडा दिला. "काकू, बाणाकडे बघा. बाण काय सांगतो ते ऐका, मग दाबा." हे वाक्य मी अजून विसरले नाही. कारण खरोखरच तो बाण सांगत असतो. वेगवेगळ्या जागी वेगवेगळं रूप घेऊन सांगत असतो. या रूपांना मिळून कर्सर म्हणतात. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ धावणारा. कॉम्प्युटरच्या आधी इंजिनिअर लोक हिशेबाला जी सरकपट्टी वापरत, तिच्यावरच्या पारदर्शक सरकत्या काचेलाही कर्सरच म्हणत.

आधी बाणाची कुळकथा. डग्लस एंगलबार्ट नावाच्या अमेरिकन संशोधकाने ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माउस पहिल्यांदा लोकांपुढे चालवून दाखवला. पहिला माउस त्याच्या आधीच, १९६४ च्या सुमाराला तयार झाला होता. लाकडाचा खोका आणि खाली दोन चाकं, इतकंच. त्या वेळी पडद्यावरचा बाण सरळ वर टोक केलेला होता. मग आपल्या बाणाची मान डावीकडे कशी कलली? झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७३ साली ऑल्टो नावाचा कॉम्प्युटर बनला. त्याचा पडदा आजच्यासारखा बारीक नव्हता, ठिपके मोठे होते. सरळ उभा बाण त्या ठिपक्यांत धड दिसेना. तेव्हा बाणाची डावी कड सरळ उभी ठेवली आणि उजवी कड तिरकी केली. ठिपक्यांत उभी रेघ आणि तिरकी रेघ दोन्ही स्वच्छ उमटतात. आज पडदे आरशासारखे झाले, तरी बाण तसाच तिरका राहिला. अडचणीपोटी आलेली रीत पुढे परंपरा होते, हे आपल्या घरातही आपण बघतोच की.

ठिपक्यांत चित्र बसवायचं म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या बायकांना सांगायला नको. ठिपक्यांची रांगोळी आणि कसुतीचा टाका, दोन्ही मोजून करायच्या गोष्टी. जुन्या कर्सरला जागा मिळायची आडवे १६ आणि उभे १६ ठिपके, म्हणजे एकूण २५६ घरं. त्यात घर काळं करायचं की पांढरं ठेवायचं, एवढाच अधिकार. ॲपलच्या मॅकिन्टॉश कॉम्प्युटरची चिन्हं, जी १९८४ साली लोकांनी पाहिली, ती काढली सुझान केअर या बाईंनी. ग्राफच्या कागदावर घरं भरून त्या चिन्हं काढत. लहानपणी त्यांच्या आईने त्यांना धागे मोजून करायचं भरतकाम शिकवलं होतं. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. कॉम्प्युटर म्हणजे पुरुषांचं आणि गणिताचं काम, असं आपण धरून चालतो. आणि त्याच्या तोंडावर जी चित्रं आहेत, त्यांच्या मागे एका आईने मुलीला शिकवलेला टाका आहे.

आता एकेका रूपाकडे वळते.

बाणाला मी पैकीच्या पैकी गुण देते. तो मधे येत नाही, कमी जागा घेतो, आणि त्याचं टोक कुठे आहे याबद्दल शंका राहत नाही. पुतणीने सांगितलेली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बाण कितीही मोठा दिसला तरी त्याच्या टोकाचा एकच ठिपका खरा, बाकी सगळी सजावट. मी सुरुवातीला बाणाचं पोट बटणावर ठेवून दाबत बसायची आणि काही होत नाही म्हणून वैतागायची. सुईचं टोक ओवायच्या जागी धरावं लागतं, सुई नाही. तसंच हे.

दुसरं रूप हाताचं. दाबण्यासारखी जागा आली की बाणाचा हात होतो, तर्जनी वर केलेला. पांढरा हातमोजा घातल्यासारखा दिसतो. जुन्या छापील जाहिरातींत असं बोट दाखवणारा हात असायचा, त्याचाच हा वंशज म्हणा. आपल्याकडे कुणाकडे बोट दाखवणं वाईट, पण बोट धरून शिकवणं चांगलं. हा हात दुसऱ्या जातीचा आहे. "इथे दार आहे, उघडतं," एवढं तो सांगतो आणि गप्प राहतो. लांबलचक पान सरकवताना काही ठिकाणी उघडा पंजा दिसतो आणि बटण दाबून धरलं की त्याची मूठ होते. कागद खरोखर मुठीत धरल्यासारखा वाटतो. हे मला सगळ्यात आवडलेलं रूप.

तिसरं रूप वाट बघायला लावणारं. विंडोजमध्ये पूर्वी वाळूचं घड्याळ होतं. मॅकिन्टॉशवर सुझान केअर यांनी मनगटी घड्याळ दिलं होतं. आमच्या शेजारी एक गुजराती श्वेतांबर कुटुंब राहायचं. त्यांच्या घरी सामायिकाला बसताना वाळूचं घड्याळ पालथं करत. दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं. वाळू संपली की सामायिक संपलं. त्यामुळे पडद्यावरचं वाळूचं घड्याळ मला परकं वाटलं नसतं. पण मी कॉम्प्युटरवर बसेपर्यंत ते गेलेलं होतं. २००७ साली आलेल्या व्हिस्टापासून विंडोजने त्याच्या जागी फिरणारं निळं कडं आणलं. या कड्याला मी नापास करते. ते दिसायला देखणं आहे, पण काहीच सांगत नाही. काम चार क्षणांत होणार की चहा टाकून यावा? काम चालू आहे की अडकलं? वाळूच्या घड्याळाचं चित्रही खरी वेळ सांगत नव्हतं हे मान्य, पण निदान 'काहीतरी संपत आलंय' एवढा धीर त्यात होता. कड्याला सुरुवात नाही आणि शेवटही नाही. आपल्याकडे लग्नात पूर्वी घटिकापात्र ठेवत. तळाला बारीक भोक पाडलेली वाटी पाण्यात सोडायची. ती २४ मिनिटांनी भरून बुडाली की घटका भरली. किती भरलंय, किती उरलंय, हे मांडवातल्या पोरालाही दिसायचं. वाट बघायला लावणाऱ्याने किती वाट बघायची हे दाखवावं, ही साधी रीत आहे. घरी जेवायला येणाऱ्या माणसाकडून आपण तेवढी अपेक्षा करतोच ना?

चौथं रूप नकाराचं. गोल आणि त्यात आडवी-तिरकी रेघ. एखादी वस्तू उचलून भलत्या जागी ठेवायला गेलं की हे दिसतं. अर्धे गुण. चुकण्याआधी अडवतं हे चांगलं, पण का अडवतं हे सांगत नाही. 'नाही म्हणजे नाही' ऐकत आपल्यातल्या बऱ्याचजणी वाढल्या. निदान यंत्राने तरी कारण सांगावं.

पाचवं, एक्सेलमधली अधिकची चिन्हं. यांच्याबद्दल जरा तपशिलात सांगते, कारण माझी फजिती इथेच झाली. एक्सेलच्या चौकटीवर बाण गेला की त्याचं जाड पांढरं अधिक चिन्ह होतं. म्हणजे चौकट निवडा. निवडलेल्या चौकटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर गेलं की तेच बारीक काळं अधिक चिन्ह होतं. म्हणजे ओढाल तिथवर भरत जाईन. आणि चौकटीच्या कडेवर गेलं की चार दिशांचे बाण येतात. म्हणजे उचलून दुसरीकडे नेईन. तीन वेगवेगळी कामं, आणि जागेतलं अंतर केसाएवढं. आमच्या महिला मंडळाचा वर्गणीचा हिशेब मी एक्सेलमध्ये घातला होता. एकीच्या नावापुढे २०० लिहिले, चौकट निवडायला म्हणून ओढलं, आणि खालच्या सगळ्याजणींच्या नावापुढे २०० पडले. ज्यांनी एक पैसा दिला नव्हता त्याही भरल्या! माझ्या लक्षात आलं नाही. पुढच्या बैठकीत जमाखर्च वाचला तेव्हा पेटीतले पैसे आणि कागदावरचे पैसे जुळेनात. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. कुणी काही बोललं नाही, पण न बोललेलंही ऐकू येतं. घरी येऊन जुन्या वहीवरून एकेक नाव तपासलं तेव्हा घोटाळा सापडला. आता माझ्या डोळ्यांचा दोष धरा, पण पांढरं अधिक आणि काळं अधिक यांत एवढं साम्य ठेवणाऱ्याचाही थोडा धरा. ज्याच्या चुकीने हिशेब बदलतो, त्याचं चिन्ह दुरून ओळखू यावं.

इथे मला कर्सरची मर्यादा कळली. तो 'काय करता येईल' हे सांगतो. 'केल्याने काय होईल' हे सांगत नाही.

आमच्या भागात हा फरक फार जाणवतो. १९५६ साली हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून पाटी कुठल्या लिपीत, अर्ज कुठल्या भाषेत, यावरून इथे किती वाद झाले ते तुम्हांला माहीत आहेच. नंदगडच्या बाजारातून चालत गेलात तर कन्नड, मराठी, इंग्रजी अशा तिन्ही पाट्या वाचत जाल. एकदा शेजारच्या आजींचा एक अर्ज भरायला मी त्यांच्याबरोबर गेले होते. पडद्यावर सगळं कन्नड. आजींना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. मलाही अक्षर लावत लावत वाचावं लागतं. तिथला मुलगा घाईत होता. आजी पडद्याकडे एकटक बघत होत्या. मधेच म्हणाल्या, "अगं, हात आला. आता दाबणार तो." खरंच त्याने दाबलं. कानडी नाही, मराठी नाही, इंग्रजी नाही, अशी एकच गोष्ट त्या पडद्यावर होती, आणि ती आजींनी बरोबर वाचली. मला त्या हाताचं कौतुक वाटलं. पण त्याच वेळी वाटलं, दाबल्यावर पुढे काय होणार हे आजींना कळलं का? कळलं नाही. त्यासाठी अक्षरच लागतं, आणि ते आपल्या भाषेतलं लागतं. चिन्ह दारापर्यंत नेतं. आतला मजकूर वाचायचं काम ते करू शकत नाही.

आणि मोबाइलवर तर तेही गेलं. तिथे बाण नाही, हात नाही, आपलंच बोट. बोट टेकलं की झालं, आधी सूचना काही नाही. कॉम्प्युटरवर एखाद्या निळ्या अक्षरांवर बाण नुसता नेला की हात दिसतो, आणि ब्राउझरच्या खालच्या कोपऱ्यात पुढचा पत्ता दिसतो. न दाबता बघून परत येता येतं. मोबाइलवर उंबरठाच नाही, सरळ घरात. फसवणुकीच्या ज्या गोष्टी आपण रोज ऐकतो, त्यांतल्या कितीतरी 'नुसतं बोट लागलं' इथून सुरू होतात. म्हणून मी मैत्रिणींना सांगते, पैशाचं काम असेल तर शक्यतो कॉम्प्युटरवर करा, आणि दाबण्याआधी बाण थांबवून बघा. बाण दिसत नसेल तर सेटिंगमध्ये जाऊन तो मोठा करता येतो, रंगही बदलता येतो. मी माझा गडद पिवळा आणि चांगला ठसठशीत केलाय. पुतणी हसते. हसू दे. चष्मा लावायची लाज वाटत नाही, मग याची कशाला?

शेवटचं रूप आहे उभ्या रेघेचं, आणि माझं मुख्य भांडण तिच्याशी आहे. मजकुरावर बाण नेला की त्याची उभी रेघ होते, वर-खाली छोट्या आडव्या टोकांची. आणि मजकुरात दुसरी एक रेघ लुकलुकत असते. माउसबरोबर फिरते ती वेगळी, लुकलुकते ती वेगळी. अक्षर उमटतं ते लुकलुकणाऱ्या रेघेजवळ. नव्याने शिकणारी प्रत्येक बाई इथे ठेचकाळते. डोळा एका रेघेवर, अक्षरं दुसरीकडे. दोन वेगळ्या कामांना इतकी सारखी रूपं देणं म्हणजे जुळ्या सुनांना एकच साडी नेसवण्यासारखं आहे.

मराठीत लिहिताना आणखी गंमत. इंग्रजी अक्षरं एकामागे एक शहाण्यासारखी उभी असतात. आपली अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर बसतात. ऱ्हस्व वेलांटी टाइप होते अक्षरानंतर आणि दिसते अक्षराआधी. 'स्त्री' हे अक्षर घ्या. आपल्या डोळ्यांना ते एक आहे. कॉम्प्युटरच्या पोटात ते सहा तुकड्यांचं आहे: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. माझ्याकडच्या प्रोग्रॅममध्ये बाणाच्या कळीने पुढे गेलं तर रेघ अख्खं 'स्त्री' ओलांडून उडी मारते, आत शिरत नाही. मागून पुसायला गेलं तर सहा वेळा कळ दाबावी लागते आणि एकेक तुकडा गळतो. पुढून डिलीट दाबलं तर एकदाच, सगळी जाते. म्हणजे एकाच अक्षराला चालताना एक मानायचं, मागून पुसताना सहा आणि पुढून पुसताना पुन्हा एक. रेघ नक्की कुठे उभी आहे, हे ती रेघ दाखवत नाही. आईच्या ओव्या उतरवताना मी एक वेलांटी दुरुस्त करायला गेले आणि अख्खा शब्द घालवून बसले, असं किती वेळा झालं! युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा आहे. जागा मिळाली याचा आनंद आहेच. पण ही रेघ आखली गेली ती रोमन अक्षरांच्या मापाने, आणि आपण त्यात आपली अक्षरं बसवून घेतो.

या लुकलुकत्या रेघेला इंग्रजीत कॅरट म्हणतात. हा शब्दही लॅटिन. अर्थ, 'इथे काही उणं आहे'. हे वाचलं आणि मी आईची वही पुन्हा उघडली. लिहिताना शब्द राहिला की आपण ओळीत खालून टोकदार खूण करतो आणि राहिलेला शब्द वर लिहितो. आपल्या जुन्या हस्तलिखित पोथ्यांतही अशी खूण असते, तिला काकपद म्हणतात. कावळ्याच्या पावलासारखी. पोथी उतरवणाऱ्याच्या हातून अक्षर सुटलं की तिथे काकपद करायचं आणि सुटलेलं समासात लिहायचं. चूक लपवायची नाही, खाडाखोड करायची नाही, पुढच्याने नीट वाचावं म्हणून खूण ठेवायची.

आईच्या वहीत एका पाळण्यात असं एक काकपद आहे. ओळ लिहून झाल्यावर तिने वर वेगळ्या शाईने बाळाचं नाव घातलंय. ते माझ्या धाकट्या भावाचं नाव. तो दीड महिन्याचा असताना गेला. आधी ती ते नाव न घालताच ओळ लिहून पुढे गेली होती. नंतर कधीतरी, किती वर्षांनी कोण जाणे, परत येऊन तिने ते लिहिलं.

मी ती ओळ टाइप केली, रेघ तिथे नेली आणि नाव घातलं. दोन्ही बाजूंचे शब्द आपसूक सरकले. ओळ सरळ, स्वच्छ, जणू नाव पहिल्यापासून तिथेच होतं. काम तर बरोबर झालं होतं. पण मला ते बघवेना. आई आधी थांबली होती आणि मग परत आली होती, हे त्या स्वच्छ ओळीत कुठेच नव्हतं. पडद्यावरची रेघ भर घालते आणि भर घातल्याची खूण पुसून टाकते. कावळ्याचं पाऊल मात्र राहतं.

मी नाव पुसलं. मागून, एकेक तुकडा. मग ओळीत ती टोकदार खूण शोधून घातली आणि नाव वरच्या ओळीत लिहिलं, वहीत आहे तसं. पुतणीने फाइल बघितली आणि म्हणाली, "काकू, इथे चूक राहिलीय." मी म्हटलं, "राहू दे."